फक्कीची खोली

पुंडलिकमामांच्या अंगणातून सरळ चालत जायची सोय नव्हती. फाटक उघडून आत आलं की जरा पुढं फक्कीची पांढरी रेघ लागायची, आणि चुकून ती ओलांडली की ओसरीवरून हाक यायची, "मास्तरीणबाई, तिथं भिंत हाये! दारातून या." हातात पिशव्या असोत, डोक्यावर ऊन असो, मागं फिरावंच लागायचं. रेघ जिथं मुद्दाम तोडलेली होती तिथून आत शिरायचं आणि मग ओसरीवर जायचं. दूध घालणारा माणूसही तसाच जायचा. एकदा शेजारची शेळी भिंतीतून आत घुसली तर मामांनी तिला हाकललं तेही दारातून. शेळीला दार दिसेना, मामांना भिंत सोडवेना, आणि मी आमच्या गच्चीवर पोट धरून हसत होते.

तेव्हा हसू यायचं. ती रेघ कशापायी काढली होती हे कळलं, तसं हसू आटलं.

देऊळघाटात आमचं आणि मामांचं घर भिंतीला भिंत लागून. मी रोज बुलढाण्याला शाळेत शिकवायला जायचे, म्हणून गल्लीसाठी मी मास्तरीणबाई. मामांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालव्याच्या मोजणीत फीत धरायची, खुंट्या ठोकायच्या, फक्की टाकायची. निवृत्त झाल्यावर खात्यानं त्यांना नारळ दिला, शाल दिली, आणि फक्कीची सवय त्यांच्याजवळच राहिली. शर्टाच्या खिशात सुतळीचा गुंडा, पायजम्याच्या घडीत पांढरी पूड, आणि कोणाच्याही घरात गेले की आधी जमिनीकडं बघायचं, मग माणसांकडं.

गावात कोणाला घर वाढवायचं असलं की मामांना बोलावणं यायचं. इंजिनिअरचा नकाशा पुढं केला तर ते त्याची सुरळी करून परत द्यायचे. "कागदावर सगळ्याइचीच घरं चांगली दिसतात. जाग्यावर चालून पाह्यजे." मग पहिला प्रश्न ठरलेला, "वरते बांधता, बाजूले बांधता का मांगं?" समोरच्यानं काहीही सांगितलं तरी मामा मान हलवायचे. वर बांधलं की घरातली म्हातारी माणसं वर जाणं सोडतात. बाजूला बांधलं की अंगण जातं. मागं बांधलं की स्वयंपाकघरातला उजेड जातो. "काय जाऊ द्याचं ते आधी ठरवा बाप्पा. मंग विटा आणा," असं म्हणून ते चहा मागायचे.

एका किराणावाल्यानं मुलाच्या लग्नाआधी घरामागं खोली काढायचं ठरवलं होतं. मामांनी फक्की टाकली, नव्या जोडप्याचा पलंगसुद्धा आखला, आणि घरच्या आजीला बोलावून म्हणाले, "आजी, टमरेल घ्या अन् रोजच्यासारखं संडासाकडं चाला." सगळं घर गोळा झालेलं. आजी टमरेल घेऊन निघाली ती नातवाच्या पलंगावरूनच पलीकडं गेली. होणारा नवरदेव लाजून पळाला, किराणावाला कपाळाला हात लावून बसला, आणि खोली तिथून हलली. तो किस्सा मामा कितीतरी वेळा सांगायचे. शेवटी नेहमी म्हणायचे, "नकाशात आजी नव्हती."

दुसऱ्याच्या घरातली आजी त्यांना दिसली. त्यांच्या स्वतःच्या घरात काय झालं ते मला सांगायचं आहे, आणि ते सांगताना मला अजूनही चीड येते.

मामांचं घर स्लॅबचं. मुलं लहान असताना बांधलेलं. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळया तशाच उभ्या, पुरुषभर उंच. आमच्याकडं त्या कोणी कापत नाही. पुढं वरचा मजला चढवायचा असतो म्हणून त्या ठेवतात हे खरं, पण नुसतं तेवढंच नाही. सळया कापल्या की घराची वाढ थांबली, वंश तिथंच खुंटला, असं लोकांच्या मनात असतं. कोणी ते तोंडानं म्हणत नाही आणि कोणी सळया कापतही नाही. मामा तर दसऱ्याला त्यांना झेंडूच्या माळा घालायचे. एकेका सळईला एकेक माळ, आणि मग हात जोडायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, निदान बाटल्या तरी उलट्या घाला त्यांच्यावर, पाणी मुरतं." मामा म्हणाले, "घराचे शेंडे आहेत ते. शेंड्यावर कोनी टोपी घालते काय?"

मुलं दोन. थोरला गजानन घरातच राहणारा, गावात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान. धाकटा पुण्याला कंपनीत. आणि या दोघांच्या मधली वनिता.

वनिताला जालन्याकडं दिलं होतं. काही वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली आणि वनिता एक पेटी घेऊन परत आली. आली त्या दिवशी गल्लीत सगळ्यांनी दारं लोटून घेतली आणि फटीतून पाहिलं. ती शांतपणे उतरली, पेटी स्वतःच उचलली आणि आत गेली. मामीनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यापलीकडं कोणी काही विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

पण राहायचं कुठं? पुढची खोली गजानन, त्याची बायको सुनीता आणि त्यांच्या मुलांची. मागं मामा-मामी, तिथंच चूल. मधल्या खोलीला दारच नव्हतं, नुसता पडदा. टीव्ही तिथं, कपाट तिथं, मुलांचा अभ्यास तिथं, आणि मागं जायचा रस्ताही तिथूनच. त्या खोलीत वनिता. सगळ्यांचा टीव्ही संपला की तिनं अंथरूण टाकायचं, सगळ्यांच्या आधी उठून ते गुंडाळायचं. साडी बदलायला ती न्हाणीघरात जायची आणि ओली होऊन बाहेर यायची. पेटी पुढच्या खोलीत पलंगाखाली होती. ती उघडायची म्हटलं तरी कोणी ना कोणी पलंगावर बसलेलं असायचं.

एके दिवशी मामी आमच्याकडं विरजण मागायला आली आणि वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "काल यायनं पोरीले इचारलं, तुले काय पाह्यजे? तर म्हणते, बाबा, आतून कडी लावता यीन असी एक खोली द्या. बाकी काहीच नोको. रडाचं असलं त कुठं रडू मी?" एवढं बोलून मामी विरजण न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी मी बुलढाण्याहून परत येत होते, तर एसटीत मामा भेटले. मांडीवर वर्तमानपत्रात काहीतरी बांधलेलं. त्यांनी ते उलगडून दाखवलं. कडी होती. चांगली जाड, पितळी, कोयंडा आणि स्क्रूसकट. मामांचा चेहरा असा फुललेला की आजूबाजूचे लोकही बघत होते.

"मास्तरीणबाई, खोलीची सुरुवात केली," ते म्हणाले.

"मामा, आधी कडी?"

"मंग काय त? तिनं कडीच मांगतली. खोली त कडीले लावाले पाह्यजे."

मला वाटलं, झालं. हा माणूस आता महिन्याभरात खोली उभी करतो.

मामांनी आधी वर बांधायचं ठरवलं. सळया तयार, जिन्याची जागा सोडलेली, वर वारा चांगला. गावातला मिस्त्री बोलावला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मधे फक्त कठडा, त्यामुळं सगळं माझ्यासमोर झालं. मिस्त्रीनं सळईच्या बुडाशी छिन्नी लावली आणि दोन ठोके दिले, तर सळईचे पापुद्रे निघाले. आणखी खाली फोडलं. कॉलमच्या आतसुद्धा तेच. लालभडक गंज, आणि त्यानं फुगून आतलं सिमेंट फुटलेलं. इतकी वर्षं पावसाचं पाणी त्या सळयांवरून ओघळून आत जात राहिलं होतं. मामा फुलांच्या माळा घालत होते आणि घर आतून खचत होतं.

मिस्त्री म्हणाला, "मामा, याच्यावर वजन नाही टाकता येत. याले एक त झाकून ठेवाचं होतं, नाही त कापाचं होतं."

मामांनी गंजाचा एक पापुद्रा उचलला, बोटांनी चुरला, आणि बोटांकडं बघत राहिले. "अबे, पर वाढीसाठीच त ठेवल्या होत्या," ते म्हणाले. मिस्त्रीनं छिन्नी पिशवीत टाकली.

मामी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती कधी जास्त बोलायची नाही, पण त्या दिवशी बोलली. "पोराइसाठी ठेवल्या होत्या. पोरीसाठी कोन ठेवते?" आणि खाली गेली.

मग मागची जागा पाहिली. मागं संडासाची टाकी, तिच्यावर भिंत घेता येईना. राहिलं अंगण, घराच्या पुढून वळून बाजूनं चुलीपर्यंत गेलेलं. मामांच्या मते घराला असलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते अंगण. ते जाऊ द्यायचं त्यांनी ठरवलं, आणि एका सकाळी फक्की टाकली.

ती पहिली खोली फार छान होती. हो, मी खोलीच म्हणते, कारण मामांनी आम्हाला तशी सवयच लावली होती. लांबरुंद, दोन खिडक्या, एक रस्त्याकडं, एक आमच्या पारिजातकाकडं. दार अंगणात, स्वतंत्र. मामांनी मला आणि आमच्या घरच्यांना त्या खोलीत चहाला बोलावलं. जमिनीवर सतरंजी, वर आभाळ, आणि मामा एकेक दाखवतायत, इथं पलंग, इथं आरसा, इथं तिची शिलाई मशीन. वनिता चहा घेऊन आली ती नीट दारातून. दाराशी तिनं हलकेच पाऊल उचललं, जणू उंबरा आहे. तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी हसू पाहिलं. दुपारी ती तिथं बाज टाकायची, तूर निवडत बसायची. मामी सडा घालताना रेघांच्या कडेकडेनं पाणी टाकायची, एक थेंब फक्कीवर जाऊ द्यायची नाही. शेळीचा प्रकार घडला तो त्याच दिवसांत.

आता खोली बांधायला काय अडलं होतं? घर मामांच्या नावावर. पेन्शन चालू. गावात मिस्त्री, विटा, रेती सगळं होतं. अडलं एकाच गोष्टीवर, आणि ती मामांच्या स्वभावात होती. "खोली सगळ्याइच्या मनानं झाली पाह्यजे," ते म्हणायचे. "एकाच्याही मनाबाहेर झाली त तिची खोली होत नाही बाई, नुसत्या भिंती होतात." दुसऱ्यांच्या घरी त्यांनी हेच केलेलं. सगळ्यांना चालायला लावायचं, सगळ्यांचं ऐकायचं, ज्याचा पाय अडखळेल तिथली भिंत सरकवायची. दुसऱ्यांच्या घरी ते जमून जायचं.

आधी गजानन बोलला. वाईट नाही बोलला. तो वाईट मुलगा नव्हताच. "बाबा, बांधा ना. माह्यं काही म्हणणं नाही. पर उद्या गाडी घेतली त लावाची कुठं? थोडं मांगं घ्या." मामांनी खराटा घेतला, पुढची रेघ पुसली आणि मागं सरकवून टाकली. खोली थोडी लहान झाली. रस्त्याकडची खिडकी तशीच ठेवली.

मग सुनीता म्हणाली, "मामाजी, बांधा तुमी, मले आनंदच हाये. पर चुलीवर अंधार यीन. तिकडून थोडं सोडता आलं त पाह्यता काय?" मामांनी तिकडून सोडलं. आरशाची जागा गेली.

धाकट्याला पुण्याहून व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली. गजाननच्या मुलानं फोन धरला आणि मामा रेघेवरून चालत सगळं समजावत होते. धाकटा म्हणाला, "बाबा, तो कोपरा ईशान्य येतो. ईशान्य बंद करू नका, आम्हाला इकडं आत्ता कुठं चांगलं चाललंय. बाकी तुम्ही ठरवा." तो आता पुण्यासारखं बोलायचा आणि मामांचं बोलणं ऐकून त्याची बायको पाठीमागं हसायची. मामांनी ईशान्य मोकळी केली. मशीनची जागा गेली.

आणि मग भाऊकीतले एक चुलते आले, काठी टेकत. त्यांनी खोलीला एक फेरी मारली आणि दाराशी थांबले. "पुंडलिका, पोरगी नवऱ्याकडून आलेली. तिले सोतंत्र दार काऊन? भाईरच्या भाईर कोन आलं, कोन गेलं, लोक काय म्हणतीन? दार घरातून ठेव. अन् रस्त्यावरची खिडकी बुजव." ओसरीवर वनिता उभी होती. तिच्यासमोर बोलले. संध्याकाळी मामांनी बाहेरचं दार फक्कीनं बुजवलं आणि मधल्या खोलीकडं दार काढलं, म्हणजे पुन्हा तो पडदा, तो टीव्ही, ती मुलं, आणि मग खोली.

मला राहवेना म्हणून गेले. रागानं गेले, खरं सांगते. "मामा, घर तुमचं आहे. हे सगळे कोण? उद्या मिस्त्री बोलवा आणि पहिली आखली होती ती खोली बांधून टाका."

मामा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. हाताला फक्की लागलेली. "कोनी नाही म्हणलं काय, मास्तरीणबाई?" ते म्हणाले. "एकानं तरी नाही म्हणलं काय? नाही म्हणलं असतं त मी भांडलो असतो. सगळे हाव म्हणून राह्यले. हाव म्हणणाऱ्या माणसासंग कसं भांडाचं ते सांगा मले."

त्या घरात कोणी एकदाही नाही म्हटलं नाही, आणि दर हावबरोबर, दर होकाराबरोबर एक भिंत आत सरकत होती.

त्यानंतरही ती सरकत राहिली. कधी तुळशीसाठी, कधी नळाच्या पाइपासाठी. गजाननच्या मनात दुसरंही होतं. ते त्यानं एकदा आमच्या ह्यांच्याजवळ बोलून दाखवलं, "बहीण हाये, मी काय तिले उपाशी ठेवणार हाये? पर खोली बांधली म्हणजे हिस्सा झाला ना काका." तेच खरं होतं, आणि तेच तो बापासमोर बोलत नव्हता. बाप ते न बोलता ऐकत होता आणि खराटा उचलत होता.

मग तो दिवस आला. उन्हं कलली होती, मी पारिजातकाला पाणी घालत होते. मामा शेवटची रेघ टाकून कमरेवर हात ठेवून उभे. वनिता आतून आली. नव्या आतल्या दारातून. ती एकदम खाली बसली आणि आडवी झाली, तशीच, मातीवर. डोकं एका भिंतीला लावलं. हात छातीवर घेतले, कारण बाजूला ठेवायला जागा नव्हती.

"काय करून राह्यली, माय?" मामा म्हणाले.

"तुमीच म्हणता ना बाबा, जाग्यावर पाहून घ्या म्हणून."

तिचे पाय घोट्यापासून रेघेच्या बाहेर होते.

तिनं मान उचलून पायांकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, पाय भाईर राह्यले."

आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. मामा खाली बसले आणि हातानं ती रेघ पुसायला लागले. खराटा नाही, फीत नाही, नुसत्या तळव्यानं. पुसत होते आणि म्हणत होते, "सरकवतो ना, सरकवतो, आत्ता सरकवतो." वनितानं उठून त्यांचे हात धरले. झारी माझ्या हातात तशीच राहिली, आणि सगळं पाणी एकाच ठिकाणी ओतलं गेलं.

त्या महिन्यातच वनिता खामगावला गेली. तिथं मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती. राहायची सोय होती, म्हणजे स्वयंपाकाच्या बायकांची एक मोठी खोली आणि तिच्यात एक कॉट. गल्लीतल्या लोकांनी पुन्हा दारं लोटून फटीतून पाहिलं. गजानननं रिक्षा आणली, तिची पेटी स्वतः उचलली, वर म्हणालाही, "काऊन जातं वनिता? तुले इथं काय कमी हाये?" आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. यासाठी मी त्याला माफ करू शकत नाही, आणि पुरता दोषही देता येत नाही.

मामांनी ती वर्तमानपत्रात बांधलेली कडी तिच्या हातात दिली. वनितानं कागद सोडला, कडी पाहिली, हातानं सरकवून पाहिली. छान सरकत होती. मग परत गुंडाळून तिनं ती मामांच्या शर्टाच्या खिशात घातली, सुतळीच्या गुंड्याजवळ.

"तुमच्यापाशीच राहू द्या, बाबा. तिथं लय जनी राह्यतात, कडी कशी लावू? इथं खोली झाली म्हणजे लावजा."

तिनं ते मायेनं म्हटलं. मामांसाठी त्याहून वाईट दुसरं काही म्हणता आलं नसतं.

पुढं मामांनी कोणाच्या घरी फक्की टाकली नाही. बोलावणी येत राहिली, मामा दारातूनच हात जोडायचे. "इंजिनिअरले इचारा. त्याइले समजते." गजानननं गाडी घेतली, आणि अंगणात सिमेंटचे गट्टू बसवले. रंगीत, लाल-पिवळे. मामी आता सरळ झाडायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिस्त्रीनं सांगितलं म्हणून सळयाही कापल्या. दिवसभर गच्चीवर ग्राइंडर चालला, ठिणग्या आमच्या वाळवणावर येत होत्या. मामा खाली ओसरीवर बसून होते. एकेक सळई धाडकन पडायची आणि दर वेळी ते खांद्यातून दचकायचे. दसऱ्याला मामीनं झेंडू आणला तो दाराला बांधला.

गल्लीत म्हणू लागले की मामांचं डोकं जरा गेलं. मला तसं कधी वाटलं नाही. मामांना माणसं ओळखू यायची, पेन्शनला ते स्वतः बँकेत जायचे, माझ्या शाळेची चौकशी करायचे. एवढंच होतं, की अंगणातून ते सरळ चालायचे नाहीत. गट्टूंवर कुठं रेघ नव्हती, खूण नव्हती, पण फाटकातून आले की ते थोडं पुढं येऊन वळायचे, कडेकडेनं जायचे आणि मग ओसरी चढायचे. शेवटची आकसलेली खोली नाही, ती पहिली, दोन खिडक्यांची. तिला ते वळसा घालत होते. गाडी नेमकी तिच्या मधोमध उभी असायची.

मामा गेले त्याच्या काही दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. संक्रांतीचं वाण द्यायला मामीकडं निघाले होते. दुपार होती, गाडी दुकानावर गेलेली, अंगण मोकळं. मामा अंगणात होते, जिथं पहिलं दार होतं तिथं. त्यांनी हात पुढं केला आणि काहीतरी हळूच ओढून घेतल्यासारखं केलं, आवाज होऊ नये अशा बेतानं. मग तिथंच गट्टूंवर खाली बसले, मागं टेकायला काही नसताना ताठ पाठीनं. खिशातून सुतळीचा गुंडा डोकावत होता, आणि त्याच्या शेजारी त्या कागदाची पुरचुंडी.

मी घाईत होते. मामीला हाक मारत सरळ अंगणातून निघाले. मामांनी हात वर केला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "इकडून नोको, मास्तरीणबाई. पोरगी झोपली हाये. आतून कडी लावली हाये तिनं."

मी वाणाचं ताट सांभाळत मागं फिरले आणि वळसा घालून गेले.